परक्या घरात शिकलेली मराठी

(अकादमीच्या वार्षिक मेळाव्यात इंदूर येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय ‘परदेशातील मराठी’ असा छापला आहे. विषय मोठा आहे आणि माझा अधिकार फार लहान आहे. मी परदेशात राहिले ती फक्त अकरा महिने, वयाच्या सोळाव्या वर्षी, आणि तेही अशा गावात जिथे मराठी बोलणारं दुसरं कुणीही नव्हतं. पण माझी मराठी मला परत मिळाली ती त्याच गावात. म्हणून संयोजकांची क्षमा मागून मी विषय थोडा आखूड करते आणि त्या अकरा महिन्यांतले पहिले चार-पाच महिनेच आपल्यापुढे मांडते.

१९९६ सालची गोष्ट. शाळकरी मुलांना वर्षभरासाठी दुसऱ्या देशातल्या एका कुटुंबात राहायला पाठवणारी एक योजना होती, तीत माझी निवड झाली. अशा योजनांचा इतिहास थोडा सांगायला हवा. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींना वाहून नेणारं अमेरिकन स्वयंसेवकांचं एक रुग्णवाहिका पथक होतं. ते पुढे दुसऱ्या महायुद्धातही उतरलं. दोन्ही युद्धं पाहिलेल्या त्या मंडळींनी १९४७ मध्ये शाळकरी मुलांची अदलाबदल सुरू केली. एका देशातलं मूल दुसऱ्या देशातल्या घरात वर्षभर जेवलं, भांडलं, आजारी पडलं, तर त्या दोन देशांना एकमेकांवर बंदूक रोखणं थोडं जड जाईल, असा त्यांचा साधा हिशेब होता. रोटरीसारख्या संस्थांनीही असे कार्यक्रम चालवले. यात यजमान कुटुंबाला पैसे मिळत नाहीत, आणि आलेलं मूल पाहुणं नसतं. त्याने ताटं विसळायची, कचरा बाहेर ठेवायचा, घरच्या मुलांना असतील ते सगळे नियम पाळायचे.

मला जर्मनीच्या अगदी वायव्य टोकाला, ओस्टफ्रीसलांड म्हणजे पूर्व फ्रिझिया नावाच्या भागात पाठवलं. लेअर नावाच्या शहराजवळचं एक खेडं. नकाशात पाहिलंत तर डावीकडे हॉलंड आणि वर उत्तर समुद्र. जमीन इतकी सपाट की परवा येणारा पाहुणा आज दिसतो, असा तिथला विनोद आहे. काही ठिकाणी तर जमीन समुद्रपातळीच्याही खाली; बंधारे नसते तर त्या भागाचा बराच भाग पाण्यात गेला असता. माळव्याच्या काळ्या मातीतून उठून मी तिथे ऑगस्टच्या अखेरीस पोचले. रात्रीचे साडेआठ वाजले तरी उजेड होता. आणि पुढे डिसेंबरात दुपारी सव्वाचारला दिवस मावळताना पाहिला.

घरात यजमान आई आणि बाबा, माझ्याच वयाची एक मुलगी, तिचा धाकटा भाऊ, आणि अंगणापलीकडच्या जुन्या भागात राहणारी आजी. जर्मन भाषेत आजीला ‘ओमा’ म्हणतात. मी आजही तिला ओमाच म्हणते, तेच नाव इथे वापरेन.

निघण्यापूर्वी मी इंदुरात चार महिने जर्मन शिकले होते. माझं नाव अमुक, मी तमुक शहरात राहते, मला सफरचंद आवडतं, एवढी तयारी होती. पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर लक्षात आलं की सफरचंदाविषयी इथे कुणी काही विचारणार नाही. चौघं बोलत होती, हसत होती, मध्येच माझ्याकडे बघून काही म्हणत होती, आणि मी मान डोलवत होते. कशाला मान डोलवली हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला कळलं. यजमान बाबांबरोबर कुत्रा फिरवायला जायला मी होकार दिला होता.

पहिले काही आठवडे कसे जातात, हे ज्याने अनुभवलं नाही त्याला सांगणं कठीण आहे. भूक, थंडी, घरची आठवण हे सगळं असतंच. पण सगळ्यात जास्त थकवतं ते ऐकणं. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत कान ताणून बसायचं, प्रत्येक वाक्यात ओळखीचा एखादा शब्द सापडतो का पाहायचं, आणि तो सापडेपर्यंत बोलणारे दोन वाक्यं पुढे गेलेले असतात. संध्याकाळी डोकं ठणकायचं. शाळेत मी मुकी होते. इंदुरात मी वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी मुलगी होते, वादविवादात ढाली जिंकलेली. तिथल्या अकरावीच्या वर्गात मी म्हणजे खिडकीजवळ बसणारी, गोड हसणारी एक मुलगी. मला काही मत आहे, मला विनोद कळतो, मी रागावू शकते, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. भाषा गेली की माणूस किती लहान होतो हे मला सोळाव्या वर्षी कळलं.

त्यात आपले संस्कार आड आले. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी यजमान आईने विचारलं, आणखी बटाटे हवेत का? मी म्हटलं, नको. आपल्याकडे पहिलं ‘नको’ हे ‘नको’ नसतंच. आपण नको म्हणायचं, समोरच्याने आग्रह करायचा, मग आपण थोडंसं म्हणायचं, आणि मग ताट भरायचं. यजमान आईने ‘नको’ ऐकलं आणि बटाट्यांचं भांडं उचलून आत नेलं. तिच्या दृष्टीने तिने माझ्या शब्दाचा मान राखला होता. मी आठवडाभर अर्धपोटी झोपले. त्यांचं रात्रीचं जेवण म्हणजे पाव, लोणी, चीज आणि काकडी, सगळं गार. गरम जेवण दुपारी. रात्री आठ वाजता गार पावाकडे बघताना मला आमच्या गल्लीतल्या तव्यांचे आवाज ऐकू यायचे.

आणि या नियमाला त्या घरात एकच अपवाद होता. तो अपवाद म्हणजे ओमाचा चहा.

पूर्व फ्रिझियातल्या चहाबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट त्या टेबलावर घडली. जर्मनी कॉफीचा देश, पण हा कोपरा चहाचा. तिथला माणूस वर्षाला सुमारे ३०० लिटर चहा पितो. आणि तो चहा मुख्यतः आपल्या आसामचा असतो. आधी पातळ चिनी मातीच्या लहान कपात खडीसाखरेचा मोठा खडा ठेवायचा. त्याला ते ‘क्लुन्त्ये’ म्हणतात. त्यावर कडक, गरम चहा ओतायचा. खडा तडतडतो, तो आवाज सगळे थांबून ऐकतात. मग छोट्या डावाने कपाच्या कडेने घट्ट साय सोडायची. ती खाली जाते आणि ढगासारखी वर येते. हे सगळं झाल्यावर ढवळायचं मात्र नाही. पहिला घोट सायीचा, मधला कडू, शेवटचा गोड. २०१६ मध्ये जर्मनीने या चहाची नोंद देशाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली.

पहिल्या दिवशी मी काय केलं असेल ते आपण ओळखलंच असेल. मी चमचा घेतला आणि गरगर ढवळलं. धाकट्या भावाच्या तोंडून एक आवाज निघाला. ओमाने त्याच्याकडे फक्त पाहिलं आणि तो गप्प झाला. तिने स्वतःचा चमचा उचलला आणि आपल्याही कपात सावकाश एकदा फिरवला. नंतर मला कळलं की आयुष्यात तिने चहा ढवळलेला कुणी पाहिला नव्हता.

मग कप रिकामा झाला, तिने भरला. मी प्यायले, तिने भरला. चौथा, पाचवा, सहावा. मी ‘नको, धन्यवाद’ म्हणत होते, ती हसून ओतत होती. शेवटी यजमान बहिणीने हलकेच माझा चमचा बशीतून उचलून माझ्या कपात ठेवला. ‘पुरे’ असं सांगायची तिथली रीत ती होती. तोंडाने ‘नको’ म्हटलेलं चहाच्या बाबतीत धरत नाहीत. चमचा कपात उभा राहिला की धरतात. तीन कप तरी घ्यायचेच, हा त्यांचा हक्क समजला जातो. त्या सपाट, मोजकं बोलणाऱ्या मुलखात मला अखेर आग्रह सापडला होता.

त्यानंतर रोज शाळेतून आल्यावर मी ओमाकडे जाऊ लागले. तिच्याकडे वेळ होता आणि माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं. तिथे मी बोलायला लागले. ते कसं झालं, हे नीट सांगायला हवं, कारण आज मला मुख्यतः तेच सांगायचं आहे.

जर्मन भाषेत मराठीसारखीच तीन लिंगं आहेत. टेबलावर चमचा, काटा आणि सुरी मांडली तर चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. एक दिवस टेबल मांडताना मी विचारलं, ‘डेअर मेसर’ कुठे आहे? म्हणजे सुरीला मी पुरुष करून टाकलं. ओमा म्हणाली, ‘दास मेसर? दास मेसर खणात आहे बघ.’ बस. चूक झाली असं ती म्हणाली नाही. पुन्हा म्हणून दाखव असंही म्हणाली नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं, आणि उत्तरात बरोबर शब्द दोनदा ठेवून दिला. मी खण उघडून सुरी काढली आणि मनात म्हटलं, दास मेसर. आज तीस वर्षांच्या घरात पोचले तरी तो शब्द चुकत नाही.

आणि ती थांबायची. मी वाक्य सुरू केलं की मध्येच शब्द अडायचा. शाळेत अशा वेळी समोरचा भला मुलगा चटकन तो शब्द सुचवायचा, किंवा सरळ इंग्रजीत बोलायला लागायचा. माझी सोय व्हावी म्हणूनच तो तसं करायचा. पण माझं वाक्य तिथेच मरायचं. ओमाला इंग्रजी येत नव्हतं. ती हात मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसायची. घड्याळाची टिकटिक ऐकू यायची. शब्द न सापडल्यास मी दुसऱ्या रस्त्याने जायचे, हातवारे करायचे, चित्र काढायचे, आणि कसंबसं वाक्य पलीकडच्या काठाला लागायचं. मग ती त्या वाक्यातल्या मजकुराला उत्तर द्यायची.

ऑक्टोबरच्या मध्यावर एक छोटा विजय झाला. जर्मनमध्ये ‘डॉख’ असा एक अव्ययासारखा शब्द आहे. कुणी नकारार्थी काही म्हटलं आणि आपल्याला ते खोडायचं असलं, की एवढा एकच शब्द म्हणतात. पाठ्यपुस्तकात त्याचा इंग्रजी अर्थ तीन ओळींचा होता आणि मला तो कधी कळला नाही. एका रात्री जेवताना यजमान आई म्हणाली, तुला आज भूक नाही वाटतं? माझ्या मनात मराठीतून आलं, ‘आहे की!’ आणि तोंडून निघालं, ‘डॉख!’ टेबलावर टाळ्या वाजल्या. आपल्या मराठीतला तो इवलासा ‘की’ मला त्या शब्दापर्यंत घेऊन गेला होता. मग मला नादच लागला. जर्मनमध्ये ‘मुलगी’ हा शब्द नपुंसकलिंगी आहे, दास मेडशेन. वर्गातल्या अमेरिकन मुलाला ते फार विचित्र वाटायचं. मला वाटलं नाही. आपल्याकडे वासरू, कोकरू, पिल्लू, पाखरू, लेकरू सगळी नपुंसकलिंगीच, आणि लाडाने म्हटलं तर ‘पोरगं’ही.

हे मी मोठ्या ऐटीत ओमाला समजावलं. म्हटलं, माझ्या भाषेतही तीन लिंगं आहेत. तिने सहज विचारलं, ‘मग घरी तू आजीशी याच भाषेत बोलतेस ना?’

मित्रहो, इथे मला खोटं बोलता आलं असतं. जर्मनीत कोण तपासायला येणार होतं? पण मी काहीच बोलले नाही, कारण खरं उत्तर ‘नाही’ असं होतं.

आमच्या घरात आजी मराठी बोलायची आणि मी तिला हिंदीत उत्तर द्यायची. आपल्यातल्या पुष्कळांच्या घरात हे आज चालू आहे. आपण कारणं सांगतो: शाळा इंग्रजी, गल्ली हिंदी, दूरदर्शन हिंदी. ती खरी आहेत. पण माझ्या बाबतीत एक दिवस होता. मी नऊ-दहा वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुटीत पुण्याची चुलत भावंडं आली होती. मी जेवताना म्हटलं, ‘माझा डोका दुखतो.’ हिंदीत नपुंसकलिंग नाही. हिंदीत वाढलेल्या कानाला ‘डोकं’ ‘डोका’च ऐकू येतं. सगळं ताट-पाट हसलं. मुलं तर हसलीच, मोठेही हसले. माझे बाबा, जे स्वतः मराठीचे अभिमानी होते, त्यांनी मला तीनदा म्हणायला लावलं: डोकं, डोकं, डोकं. पुढची कित्येक वर्षं त्या घरी मला ‘डोका’ म्हणत. कुणाचा हेतू वाईट नव्हता. पण मी त्या सुटीनंतर मराठी बोलणं बंद केलं. हिंदीत मला कुणी हसत नव्हतं.

ओमाने माझं गप्प राहणं ऐकलं आणि मग स्वतःची गोष्ट सांगितली. तिची मायबोली जर्मन नव्हती. ‘प्लाट’ होती, म्हणजे उत्तरेकडची सखल जर्मन. या भाषेचा दिमाख एके काळी मोठा होता. मध्ययुगात हान्सा नावाचा व्यापारी शहरांचा जो संघ होता, त्याचा पत्रव्यवहार या भाषेत चाले. बाल्टिक समुद्राच्या काठाने ती दूरवर समजत असे. मग दक्षिणेकडची जर्मन राजदरबारात, चर्चमध्ये, शाळेत आली आणि प्लाट शेतात आणि स्वयंपाकघरात उरली. इंदुरात बसलेल्यांना ही कथा नवी वाटू नये. होळकरांच्या दफ्तरात मोडीतली मराठी होती, आज आपण ती ओट्याजवळ सांभाळून आहोत.

ओमा सहा वर्षांची असताना शाळेत गेली तेव्हा तिला प्रमाण जर्मनचा एक शब्द येत नव्हता. ती वर्गात प्लाट बोलली की मास्तर तिला कोपऱ्यात उभं करायचे आणि वर्ग हसायचा. ती भाषा ती शिकली, पण ते हसणं विसरली नाही. म्हणून आपली मुलं झाली तेव्हा तिने ठरवलं की यांच्यावर ही पाळी येऊ द्यायची नाही. शिक्षकही तेव्हा आईबापांना हेच सांगत, घरी प्लाट बोलाल तर मुलं मागे पडतील. तिने मुलांशी जर्मन सुरू केली. माझ्या यजमान आईला प्लाट कळत होती, थोडी बोलता येत होती. नातवंडांना कळत होती, बोलता येत नव्हती. शेजारीण आली की ओमाचा आवाज बदलायचा, खळखळून हसायची, ती प्लाटमध्ये. नातवंडांशी बोलताना ती जराशी पाहुणी असायची.

ती म्हणाली, ‘मी त्यांना हसण्यापासून वाचवलं, पण माझ्यापासूनही वाचवलं.’ माझ्या तोडक्या जर्मनमध्ये मला ते कळलं, कारण ती साध्या शब्दांत बोलली होती.

नोव्हेंबरात यजमान बाबा मला मोटारीने जवळच्या झाटरलांड भागात घेऊन गेले. पूर्व फ्रिझियाची मूळ भाषा प्लाटही नव्हे, फ्रिझियन होती. काही शतकांत ती त्या सगळ्या मुलखातून निघून गेली. एके काळी दलदलीने वेढलेल्या झाटरलांडच्या चार गावांत तेवढी ती टिकली आहे, बोलणारे सुमारे दोन हजार. बाबा परतताना म्हणाले, ‘आमच्या पूर्वजांची भाषा तिथे आहे आणि मला तिथे दुभाषी लागतो.’ ते विनोद करत होते. मला हसू आलं नाही.

त्या आठवड्यात मी आजीला पत्र लिहायला बसले. तोवर मी घरी हिंदीत पत्रं लिहीत होते. आजी मात्र दर पंधरवड्याला निळ्या हवाईपत्रावर मराठीत लिहायची, बारीक अक्षरात, कडेच्या घडीवरसुद्धा. तिला हिंदी उत्तम वाचता यायची, त्यामुळे कधी अडलं नव्हतं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मराठीत लिहिलं. चार ओळींना एक तास लागला. त्यात एक वाक्य होतं, ते मी हिंदीतून उचलून ठेवलेलं: ‘आजी, इथे माझा मन लागत नाही.’ दुसरं वाक्य: ‘इथला पाणी खूप थंड आहे.’ पत्र पेटीत टाकताना हात थबकला. वाटलं, हे आता घरात मोठ्याने वाचलं जाणार.

उत्तर यायला तीन आठवडे लागले. बाहेर सव्वाचारचा अंधार, दारात बर्फ नाही पण चिखल, आणि अशा वेळी घरची आठवण सगळ्यात जास्त येते, हे आम्हाला शिबिरात आधीच सांगून ठेवलं होतं. आजीने लिहिलं होतं: ‘तुला तिथे करमत नाही हे वाचून जीव कळवळला. मलाही तुझ्यावाचून करमत नाही. तिथलं पाणी थंड असणारच, कोमट करून पीत जा.’ चुकीबद्दल अक्षर नव्हतं. माझ्या ‘मन लागत नाही’ला तिने ‘करमत नाही’ असं उत्तर दिलं होतं. माझ्या ‘इथला पाणी’ला ‘तिथलं पाणी’. ओमाने सुरी खणात आहे म्हणून सांगितलं होतं, अगदी तसंच. दोघींची भेट कधी झाली नाही, होणं शक्यही नव्हतं.

पुढच्या पत्रात मी लिहिलं, ‘आता थोडं करमतं.’

परत आल्यावर मी आजीशी मराठीत बोलू लागले. पहिल्या दिवशी तिने काही आश्चर्य दाखवलं नाही. विमानातून उतरलेल्या मुलीला विचारावं तसं विचारलं, ‘जेवलीस का?’ तिच्याबरोबर मला अशी नऊ वर्षं मिळाली. ओमाच्या प्लाटचंही थोडं बरं झालं. अल्पसंख्य आणि प्रादेशिक भाषांसाठीची जी युरोपीय सनद आहे, ती जर्मनीत १ जानेवारी १९९९ पासून लागू झाली आणि तिच्यात प्लाटचा समावेश झाला. शाळांतून ती थोडीफार शिकवली जाऊ लागली. माझी यजमान बहीण आता स्वतः आई आहे. ती तिच्या मुलांशी मोडक्या प्लाटमध्ये बोलते, असं तिने मला कळवलं. तिच्या चुका सुधारायला ओमा आज नाही.

आता इथल्या प्रश्नाकडे येते. आपल्या सभांमधून नेहमी ऐकू येतं की बृहन्महाराष्ट्रात मराठी शाळा हव्यात, पुस्तकं हवीत, वर्ग हवेत. हवीतच. माझी त्यात भर एवढीच की मुलांची मराठी शाळेत जाण्याआधी आपल्या ताटावर मरते, आणि ती पुष्कळदा मराठीच्या अभिमान्यांच्याच हातून मरते. मी हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी म्हणत नाही. परवा माझी बारा वर्षांची मुलगी सर्दीने बेजार होऊन म्हणाली, ‘आई, माझी नाक वाहून राहिली आहे.’ आणि मी हसले. एवढं सगळं शिकून आलेली मी, हसले. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुढचं वाक्य हिंदीत बोलली. त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी विचारलं, ‘तुझं नाक अजून वाहतंय का?’ तिने थोडा वेळ घेतला आणि म्हणाली, ‘थोडंसं.’ मी त्यावर समाधान मानलं.

म्हणून अकादमीपुढे माझ्या दोन विनंत्या आहेत. पहिली पालकांसाठी. मूल मोडकं बोललं तर हसू नका, तीनदा म्हणायला लावू नका, आणि त्याच्या सोयीसाठी हिंदीवरही उतरू नका. थांबा. ते बोललं त्याला उत्तर द्या, आणि बरोबर शब्द उत्तरात ठेवून द्या. मुलाने हिंदीत उत्तर दिलं तरी आपली मराठी चालू ठेवा. माझ्या आजीने सोळा वर्षं ठेवली होती. याला अनुदान लागत नाही. आणि बाहेरगावच्या नातेवाइकांनाही हे आधी सांगून ठेवा.

दुसरी विनंती अकादमीच्या कामाची आहे. मुलांची अदलाबदल देशादेशांतच व्हायला हवी असं कुठे आहे? इंदूर-ग्वाल्हेरच्या मुलाला सुटीत महिनाभर बेळगावच्या, साताऱ्याच्या किंवा फोंड्याच्या एखाद्या घरात राहू द्या, आणि तिथल्या मुलाला आपल्या घरी येऊ द्या. अट एकच, की ते पाहुणं असणार नाही. ताटं विसळेल, भांडेल, दुकानातून कोथिंबीर आणेल. इथून जाणारं मूल अडखळेल आणि शिकेल. तिथून येणाऱ्या मुलालाही कळेल की ‘करून राहिलो’ म्हणणारी मराठी ही चेष्टेची गोष्ट नाही, ती दोनशे-अडीचशे वर्षं परक्या भाषेच्या शेजारात टिकलेली मराठी आहे. यजमान निवडताना त्यांचं घर किती मोठं आहे हे पाहू नका. त्या घरात वेळ असलेली एखादी आजी आहे का, एवढं पाहा.

सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडेल, तर आमच्या घरात एक खोली रिकामी आहे. चहा मात्र आमच्याकडे उकळलेला असतो आणि तो खुशाल ढवळावा.